भोंग्याची जागा

दाढी अर्धी झाली होती. उजवा गाल साफ, डावा अजून फेसात. तेवढ्यात लेक बाथरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही खरंच मानता, की तुम्हाला फक्त तुमचं लहानपण आवडतं?" गीझर बंद केलात का, असं विचारावं त्या आवाजात विचारलं. "काय मानतो?" मी आरशातल्या तिला म्हटलं. आपण वेड पांघरतोय हे मला कळत होतं आणि तिलाही कळलं. "देवाला," ती म्हणाली, "प्रभूला. सगळंच." येत्या रविवारी तिचं दृढीकरण होतं. तान्ही असताना, बाप्तिस्म्याच्या वेळी, तिच्या वतीने आम्ही नवराबायकोने जे कबूल केलं होतं ते आता तिने स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. ज्याच्याकडे बघून आपण विश्वासात वाढलो, अशा एका माणसाला शेजारी उभं करायचं, ही आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, रीत. तिने माझं नाव सांगितलं होतं, आणि ते कळल्यापासून मी मिशीतल्या मिशीत हसत फिरत होतो. आता हे. "आमच्या लॅबमध्ये," ती म्हणाली, कारण ती काँक्रीट तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिच्या घरातल्या बोलण्यातही सिमेंट असतं, "ठोकळा दिसायला कितीही गुळगुळीत असू दे, आम्ही तो यंत्रात घालून फोडतो. त्याशिवाय कागदावर आकडा चढवत नाही. तुमचा ठोकळा मी कधी फुटलेला पाहिला नाही, बाबा. मला फक्त दिसतं की तुम्ही प्रार्थनेत अजून त्या भोंग्यासाठी थांबता. जो भोंगाच आता नाही. मग तुम्ही देवाकडे जाता की त्या गावाला जाता?" तिने पायात चपला सरकवल्या. "खरं असेल तर रविवारी माझ्या शेजारी उभे राहा. नसेल तर मागे बसा, मला राग येणार नाही. पण मग मीही यंदा थांबेन. ज्याच्याकडे बघून पाऊल टाकायचं त्याच्याच पायाखाली काही नसेल तर मी कुठे घाई करू? संध्याकाळी सांगा." आणि निघून गेली. डाव्या गालावरचा फेस सुकला होता, तो पुन्हा ओला करून मी दाढी पुरी केली.

भोंग्याची गोष्ट सांगून सांगून मी घरातल्या सगळ्यांचे कान किटवले आहेत. लोकांचे कान तपासून पोट भरणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, असं बायको म्हणते. आम्ही राहायचो त्या गावातलं आमचं चर्च काचेच्या कारखान्याच्या भिंतीला चिकटून होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, भट्टीवर होते, आणि मंडळीतली निम्मी घरं त्याच भट्टीवर जेवायची. काचेची भट्टी विझवत नाहीत. विझली की आतली काच गोठून दगड होते आणि भट्टी कामातून जाते. म्हणून कारखान्याला रविवार नव्हता, आणि पाळी बदलल्याचा भोंगा रविवारीही व्हायचा, तो नेमका सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रभूच्या प्रार्थनेत. त्यातही जागा ठरलेली. देवाच्या मनात आहे ते जसं वर होतं तसं इथे खालीही होवो, एवढं म्हणून झालेलं असायचं, रोजचं अन्न मागायचं राहिलेलं असायचं, आणि मध्ये हा बोकड ओरडायला लागायचा. शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही असा आवाज. सगळी मंडळी तोंड मिटून थांबायची. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी एकदा आधी एक गीत वाढवून पाहिलं, तर लोकांनी ते गीत दामटत म्हटलं आणि भोंग्याला बरोबर गाठलं. बाहेरगावचा पाहुणा असला की तो त्या गोंगाटात एकटाच पुढे जाऊन आमेनला पोचायचा, आणि भोंगा थांबल्यावर सगळे आत्ता कुठे अन्न मागायला लागलेत हे ऐकून ओशाळायचा. अण्णा रात्रपाळी करून तसेच आलेले असायचे. तेवढ्या वेळात ते बसल्या जागी एक झोप काढायचे. भोंगा थांबला की मी त्यांना कोपर मारायचो आणि ते अगदी स्पष्ट आवाजात अन्नापासून सुरू व्हायचे. आई शेवटच्या बाकावर बसायची, कारण उपासना संपली की तिला सगळ्यांच्या आधी चुलीपाशी पोचायचं असे. खिडक्यांना रंगीत काचा लावायला पैसे कुठले, म्हणून कारखान्यातल्या नापास बाटल्या चौकटीत बसवल्या होत्या, हिरव्या आणि तपकिरी. फरशीवर हिरवा उजेड पडायचा आणि त्यात सगळ्यांचे शनिवारी घासून ठेवलेले बूट. कारखाना केव्हाच बंद झाला. मी या शहरात आलो, नोकरी धरली, लग्न केलं, नव्या मंडळीत नाव घातलं. इथे मोठा पडदा आहे, त्यावर शब्द उमटतात, कुणी कुठे थांबत नाही. पण त्या जागी आलो की माझं तोंड आपोआप मिटतं. मी मागे पडतो आणि माझं आमेन सगळ्यांच्या नंतर एकटं येतं. बाबांचं आमेन मागच्या गाडीने येतं, असं लेक लहानपणी म्हणायची, आणि आम्ही सगळे हसायचो.

आता ती हसत नव्हती, एवढाच फरक. कामाला जाताना रस्त्यात मी तिच्याशी मनात भांडत होतो आणि हरत होतो. कारण खरंच, मला कुठे जायला आवडतं? माझ्या इमारतीचं दार उघडायला एक आकडा लागतो, यंत्र सुरू करायला दुसरा, आणि तो आकडा विसरला तर आपण आपणच आहोत हे पटवून द्यायला तिसरा. त्या गावात दाराला कडी होती आणि कडीला कुलूप नव्हतं. एक दिवा होता, त्यामुळे सगळे एका खोलीत बसायचे, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं, त्यामुळे फारसं बोलावं लागत नसे. असं सगळं मला दिवसातून कितीदा तरी आठवतं आणि बरं वाटतं. रविवारी चर्चमध्ये बसलो की तेच बरं वाटणं येतं. मग या बऱ्या वाटण्याला मी श्रद्धा म्हणतो का? गेल्या काही वर्षांत हे मलाही डाचत होतंच. सकाळी खाटेच्या कडेला बसून डोळे मिटतो, दोन शब्द बोलतो, आणि पलीकडून काही येत नाही. येतो तो हिरवा उजेड. लेकीने नेमक्या ठणकत्या दातावर बोट ठेवलं होतं. तिचं काय चुकलं? पोरीला खरं वागायला शिकवलं आम्हीच, आणि आता ती खरं वागते तर आपल्याला घाम फुटतो. एक सोपा रस्ता होता. संध्याकाळी घरी जायचं, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, अगं वेडे, मानतो की, अगदी मनापासून मानतो. तिने मानलं असतं. बापाच्या शब्दावर पोरी मानतात. मग रविवारी मी तिच्या शेजारी उभा राहिलो असतो, आणि ती आयुष्यभर ज्यावर उभी राहणार तिथे मी एक पोकळ फरशी बसवून दिली असती. नको, हे नको, एवढंच मी जिना चढताना पुन्हा पुन्हा म्हणत होतो. ते माझं मलाच म्हणतोय असं मला वाटत होतं.

सकाळची पहिली बाई निवृत्त मुख्याध्यापिका होती. सोबत सून. "यांना आपल्याला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं," सून माझ्या टेबलाशी वाकून म्हणाली, आणि सासू तिकडून म्हणाली, "हे ऐकलं मी." मी बाईंना आतल्या खोलीत बसवलं. ही खोली म्हणजे एक मोठं कपाटच. भिंतींना जाड मऊ अस्तर, दार ओढलं की कान गच्च होतात, आणि एका बाजूला दुहेरी काचेची खिडकी, तिच्या अलीकडे मी आणि माझं यंत्र. लाल कप उजव्या कानाला, निळा डाव्या. हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक आला तरी दाबायचं. मी आवाज देतो, कमी करत नेतो, जिथे दाबणं थांबतं तिथे कागदावर खूण करतो. दोन आवाजांमधलं अंतर मी सारखं ठेवत नाही, नाहीतर लोक तालावर दाबायला लागतात. तरीही काही जण असे असतातच की आवाज नसताना दाबतात. बाई त्यातल्या निघाल्या. मी काहीही दिलेलं नव्हतं, माझे हात मांडीवर होते, आणि त्यांनी बटण दाबल्याचा दिवा माझ्यासमोर लागला. पुन्हा लागला. पुन्हा. एरवी मी हे हसून घेतो. त्या दिवशी मी दार उघडून आत गेलो आणि म्हटलं, "बाई, मी काही वाजवलं नव्हतं. तुम्ही का दाबलंत?" जरा तोडूनच म्हटलं असेन. त्यांनी लाल कप कानावरून थोडा बाजूला केला. "मला वाटलं, आला असेल आणि माझंच लक्ष नसेल," त्या म्हणाल्या, "राहून जायला नको म्हणून दाबलं." मग वर, "मार्क कापणार का?" मी म्हटलं, "नाही, पण फक्त आला तरच दाबा." "आला की नाही हेच तर कळत नाही हो, म्हणून तर तुमच्याकडे आले," त्या म्हणाल्या. मी पुन्हा बाहेर येऊन बसलो. काचेपलीकडे त्यांचा अंगठा बटणावर तयार होता, चेहरा वर, डोळे मिटलेले, आणि मला वाटलं की मी स्वतःकडेच बघतोय. मी असाच बसतो खाटेच्या कडेला. आवाज नसताना दाबणारा माणूस. त्यांची तपासणी कशीबशी पुरी केली, कानाच्या यंत्राबद्दल सुनेला समजावून सांगितलं, आणि पुढच्या माणसाला आत घेतलं. सकाळ अशी गेली.

दुपारी समोरच्या टेबलावर नावं लिहून घेणारी मुलगी जेवायला खाली गेली की मी दार लावून घेतो आणि स्वतः त्या खोलीत बसून कानाचे कप तपासतो. ते रोजचं काम आहे. यंत्र बिघडलं तर कागदावर ते कळत नाही, तपासणाऱ्याच्या कानाला कळतं. मी बारीक आवाज लावला, ऐकला, बंद केला, पण उठलो नाही. त्या खोलीतली शांतता घरच्या शांततेसारखी नसते. पंखा नाही, रस्ता नाही, भिंतीवरून परत येणारा आपला श्वासही नाही. नवीन माणूस घाबरतो, त्याला स्वतःच्या अंगातलं रक्त ऐकू येतं. माझ्या मनात आलं, फोडायचाच आहे ना ठोकळा, मग इथे फोडू. इथे बाटल्यांचा उजेड नाही, गीतांना साथ करणारी पेटी नाही, घासलेले बूट नाहीत, कोपर मारायला अण्णा नाहीत. लहानपणातलं एकही सामान नसलेली ही या शहरातली एकच जागा असेल. मी मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. अस्तराने शब्द ओठांपाशीच गिळून टाकले. पित्याला हाक मारली, त्याच्या नावाबद्दल म्हटलं, राज्याबद्दल म्हटलं, इच्छेबद्दल म्हटलं, आणि त्या जागी आलो. तोंड मिटलं. मला खात्री होती की आता मनात भोंगा होईल, नेहमी होतो, आणि भोंगा झाला की लेक जिंकली. मी वाट पाहिली. भोंगा झाला नाही. नुसती शांतता राहिली. ती शांतता मी पूर्वी कधीतरी ऐकली आहे असं वाटलं, आणि मग मला तो दुसरा रविवार आठवला.

तो मी विसरलो होतो असं नाही. तो मी कधी बाहेर काढला नव्हता. घरात सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात, पाहुण्यांसमोर काढायची भांडी वेगळी असतात तशा. मी शाळेत चौथीत होतो. त्या आठवड्यात भट्टी विझवली होती. आधी कुजबुज होती, मग फाटकावर कागद लागला, मग अण्णा दिवसाउजेडी घरी आले आणि त्यांनी काय करायचं ते न सुचून आधीच घासलेले बूट पुन्हा घासले. घरात आई आणि अण्णा हळू आवाजात बोलायचे, आणि मी आत आलो की पीठ, साखर, शाळा असल्या शब्दांपाशी थांबायचे. रविवारी चर्च कधी नव्हे ते भरलं. पाळी कुणालाच नव्हती. सगळे बाप एकाच वेळी, स्वच्छ दाढ्या करून, लहान मुलांसारखे भांग पाडून बसले होते. मला ते फार छान दिसलं, हे मला आठवतंय, आणि त्याची मला आता लाज नाही वाटत. दहा वर्षांच्या मुलाला बाप जागा असलेला आवडणारच. प्रार्थना सुरू झाली. आम्ही त्या जागी आलो आणि सवयीने थांबलो. सगळेच. भोंग्यासाठी तोंडं मिटली गेली आणि भोंगा आलाच नाही. काय होतंय हे माझ्या आधी मोठ्यांना कळलं. अण्णांचा भाजल्याच्या डागांचा हात समोरच्या बाकाच्या पाठीवर होता, तो आवळला गेला आणि बोटं पांढरी पडली. कुणीतरी खोकलं. एका बाईने नाक ओढलं. पुढची ओळ अन्नाची होती. ती आजवर आम्ही पोट भरलेलं असताना म्हणत आलो होतो, झोपेतून उठूनसुद्धा म्हणत आलो होतो. आणि आता पहिल्यांदा ती खरोखर मागायची वेळ आली, तर एकाही बापाच्या तोंडून ती निघेना. मी पाळकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. ते भले गृहस्थ होते, त्यांचीही चूल त्याच भट्टीवर होती. माझ्या पायाखालची फरशी गेल्यासारखं वाटलं. मोठी माणसं थांबली आहेत आणि त्यांना पुढचं येत नाही, याच्याइतकं भयंकर मी तोपर्यंत काही पाहिलं नव्हतं.

मग शेवटच्या बाकावरून आईचा आवाज आला. आई भाविक वगैरे म्हणावी अशी नव्हती. पाळकांच्या बायकोशी तिचं वर्षातून एकदा तरी वाजायचं. मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांचा तिला कंटाळा होता, देवाशी तिचं बोलणं कामापुरतं. दुकानात फळीपाशी उभी राहून ती जसा जिन्नस मागायची, ना अजीजीने ना ताठ्याने, समोरच्याकडे माल आहे आणि तो द्यायला बसला आहे हे धरून चालून, तशा आवाजात ती एकटीच म्हणाली, आज लागणारं आमचं अन्न आज आम्हाला दे. आजचं, हे तिने जरा दाबून म्हटलं. उद्याचं तिने मागितलंच नाही. आणि मग अण्णा. झोपेतले नव्हे, जागे अण्णा. त्यांचा आवाज चिरकला, पण त्यांनी ओळ सोडली नाही. मग सगळे. तलावात पोहायला शिकताना आपण गटांगळी खातो, आता गेलोच असं वाटतं आणि अंगठ्याला तळ लागतो, तसं मला काहीतरी लागलं. त्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. मला एवढंच कळलं की भट्टी विझली आहे, आईला ते ठाऊक आहे, अण्णांना ठाऊक आहे, आणि तरी कुणाशी तरी बोलणं चालू आहे.

पुढे काही चमत्कार झाला नाही. अण्णा आधी एका गोदामावर राखणदार झाले, नंतर एका धुलाईकेंद्रात. आम्ही दोन खोल्यांतून एका खोलीत आलो. अन्न आलं; पोटभर रोजच आलं असं नाही, पण त्या त्या दिवसाचं त्या त्या दिवशी आलं, हे मी आईच्या बाजूने साक्ष म्हणून सांगू शकतो. घराघरांतली माणसं पांगेपर्यंत काही वर्षं मंडळी त्या जागी थांबत राहिली. मला वाटायचं सवयीने. आता त्या गच्च खोलीत बसून मला कळलं की सवय मोडायला एक रविवार पुरला असता. कारखाना बंद आहे हे थांबणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. भोंग्यासाठी कोण थांबेल? ते थांबत होते ते त्या दुसऱ्या रविवारसाठी. आणि मीही इतकी वर्षं त्यासाठीच मागे पडत आलो होतो, आणि स्वतःलाच सांगत आलो होतो की मी भोंगा ऐकतोय. माझे साधे दिवस, ते हिरव्या उजेडाचे दिवस, त्याच जागी संपले होते. मी जे धरून होतो ते ते संपल्यावर सुरू झालेलं होतं. मी कानावरचे कप काढले, राहिलेली प्रार्थना म्हटली, आणि दार उघडलं तेव्हा बाहेरच्या पंख्याचा आवाज मला धबधब्याएवढा वाटला. छातीवरचं ओझं निम्मं उतरलं होतं.

निम्मंच. कारण परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर लगेच दुसरा विचार आला, की हीसुद्धा आठवणच झाली. आधी गोड आठवण होती, आता कडू सापडली, पण ट्रंक लहानपणाचीच. लेक काही कच्च्या गुरूची चेली नाही, ती हे पकडणारच. मग मी काय सांगणार? माझ्या आईचा विश्वास होता, असं? आईच्या फरशीवर मी उभा, आणि माझ्या खांद्यावर लेक? बसमध्ये शेजारी एक माणूस फोनवर कुणाला तरी समजावत होता की सामान पोचलंय, फक्त दाखवत नाहीये. मी डोळे मिटले. खोटं नको, तिच्याशी खोटं बोलायची पाळी नको, एवढंच सकाळच्यासारखं पुन्हा मनात चाललं होतं, आणि ते थांबवावं असंही मला वाटत नव्हतं.

लेक बाल्कनीत खाली बसली होती. कामावरचे बूट पुढ्यात, हातात तारेचा ब्रश, आणि वाळलेलं सिमेंट खरडून वर्तमानपत्रावर पाडत होती. तिने मान वर केली नाही. मी वेताचा मोडा ओढून बसलो आणि कुठलीही प्रस्तावना न करता तिला तो दुसरा रविवार सांगितला. भट्टी विझली तिथपासून. सांगताना ब्रश हळूहळू चालायचा थांबला. आजीच्या आवाजापाशी आलो तेव्हा मी थोडा खाकरलो आणि पुढे सांगितलं. आतून बायको येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिनेही हे कधी ऐकलं नव्हतं.

"हे तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं कधी?" लेकीने विचारलं.

"सांगण्यासारखं वाटलं नाही. भोंगा मजेशीर होता."

"आजीला विचारलंत कधी? की तिने कसं काय म्हटलं एकटीने?"

"नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, कुणीतरी म्हणायला नको का, घरी जाऊन रांधायचं होतं."

बायको हसली. लेकही हसली, पण तिने ब्रश खाली ठेवला नाही. मला माहीत होतं की अजून काहीतरी आहे, आणि ते आलंच. "पण बाबा," ती म्हणाली, अगदी मायेने, "ही आजीची गोष्ट झाली. मागितलं आजीने. भट्टी अण्णाआजोबांची विझली. मला तुमचं हवंय. तुम्ही काय मागता? आता, या घरात, पोट भरलेलं असताना, तुम्ही त्याच्याकडे काय मागता?"

बसमध्ये मी या प्रश्नाला घाबरलो होतो. प्रत्यक्षात तो आला तेव्हा मी उत्तर शोधायलाही लागलो नाही, ते तोंडाशी होतंच. "आज सकाळपासून मी एकच गोष्ट मागतोय," मी म्हणालो. "जिना चढताना मागितली, कामात असताना मागितली, बसमध्ये तर डोळे मिटून मागितली."

"काय?"

"की देवा, लेकीशी खोटं बोलायची पाळी माझ्यावर आणू नकोस."

हे बोललो आणि ऐकलंही मीच. दिवसभर मला वाटत होतं की मी स्वतःशी पुटपुटतोय. पण स्वतःला कुणी 'आणू नकोस' म्हणत नाही. कुणाशी तरीच बोलत होतो मी. हिरव्या उजेडाचा त्यात कवडसाही नव्हता, अण्णा नव्हते, आईसुद्धा नव्हती. एक भ्यालेला बाप होता आणि तो ज्याच्याकडे मागत होता तो होता. पलीकडून काही येत नाही म्हणून मी इतकी वर्षं कुढत बसलो, आणि इथे दिवसभर बोलणं चालूच होतं, एवढं सहज की ते बोलणं आहे हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

लेक माझ्याकडे बघत होती. ठोकळ्याला तडा कुठे जातो हे बघतात तसं नव्हे. लहानपणी शाळेच्या फाटकातून मी दिसलो की बघायची तसं.

"मग?" तिने विचारलं. "आली का पाळी?"

"नाही आली," मी म्हटलं.

तिने बूट उचलून भिंतीशी नीट लावून ठेवले, वर्तमानपत्राची घडी घातली, आणि उठताना माझ्या गुडघ्यावर हात टेकून, सगळं वजन टाकून उठली. "मग रविवारी माझ्या शेजारी उभे राहा," ती म्हणाली आणि आत गेली. बायको तिच्यामागून जाता जाता म्हणाली, "अहो, तुमचा डबा तसाच दिसतोय बॅगेत. दिवसभर उपाशी होतात की काय?" खरंच होतो. मोड्यावर बसल्या बसल्या एकाएकी मला अशी सडकून भूक लागली, की मी उठलो, हातसुद्धा धुतले नाहीत, आणि तो थंडगार डबा उघडून तिथेच उभ्या उभ्या खायला लागलो.